मोरसशेजारच्या नोटा

हिलाल पाटील सकाळी उठायचा तोच थकलेला. रात्रीची झोप हे त्याच्या लेखी दिवसाच्या कामांतलंच एक काम होतं, आणि तेही त्याच्या हातून धड होत नसे. उठायचं, कोरीटहून सायकल हाणत नंदुरबार गाठायचं, रतिलालशेठच्या पथारीवर दिवस काढायचा आणि दिवेलागणीला तीच सायकल उलटी हाणायची. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. तिथं ओली लाल मिरची पसरून वाळवतात, बाया तोंडाला फडकी बांधून देठं खुडतात आणि मुकादम त्यांच्यावर ओरडतो. हिलाल तिथला मुकादम. पण ओरडण्याइतका जीव त्याच्यात नव्हता. बाया त्याला दबकत नसत, उलट त्याची कीव येऊन काम जरा बरं करत. शेठला वाटे, काय या माणसाचा वचक!

अख्खा मिरचीबाजार त्याला ‘नोटवाला’ म्हणून ओळखत होता. सुरतकडचा कुणी नवा व्यापारी मिरची घ्यायला आला की हमालसुद्धा सांगत, तुमच्याजवळ त्या बेटाची नोट असली तर त्या सायकलवाल्याला दाखवा, चहा फुकट मिळेल. नोट दिसली की हिलालच्या पाठीचा बाक जरा सरळ होई. बाजाराला त्याची मोठी गंमत वाटे. ज्याच्या धोतराला दोन ठिगळं, तो परक्या मुलखाच्या नोटा जमवतो, आणि त्याही अशा, की त्यांवर इथं चिमूटभर मीठ मिळायचं नाही.

त्या बेटाचं नाव रियुनियन. अमल फ्रान्सचा. हे नाव कोरीटात कुणाच्या जिभेला वळलं नाही. ज्या मोरसवरून आपली मोरस साखर म्हणतात, त्या मोरसच्या, म्हणजे मॉरिशसच्या, शेजारचं बेट, एवढी ओळख गावाला पुरे होती. तिथंही उसाचेच मळे, असं कळल्यावर तर गावातल्या म्हाताऱ्यांचा त्या बेटातला सगळा रसच संपला. ऊस बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, तो काय तापीकाठी नाही?

पण हिलालचा थोरला भाऊ भाईदास गेला होता. एकोणीसशे एकोणपन्नासची गोष्ट. सुरतेजवळच्या रांदेरच्या एका व्यापाऱ्याची त्या बेटावर कापड-किराण्याची पेढी होती आणि नंदुरबारची मिरची तिकडे जात होती. भाईदास तेव्हा पथारीवर माल निवडायचा. हातात मिरची धरली की तिचा तिखटपणा सांगायचा, तोंडात घालायची गरज नाही. पेढीला असा माणूस हवा होता. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बायको अनुसया म्हसावदची, वय वीसच्या आतबाहेर. तीन पावसाळे काढतो आणि येतो, असं सांगून तो सुरतच्या गाडीत बसला. गाडी हलल्यावरही तो दारात उभा राहून हात हलवत होता आणि मागून कुणीतरी त्याला आत ओढत होतं, एवढं हिलालला आठवे. भावाचा चेहरा मात्र वर्षागणिक पुसट होत गेला, आणि या गोष्टीची त्याला मनस्वी लाज वाटे.

पहिल्या दोन हंगामांत माणसांहाती निरोप आले. निरोपाबरोबर दर वेळी एकेक नोट. खर्चायला नव्हे, नुसती दाखवायला. इकडला रुपया असा असतो म्हणावं. एका नोटेवर डोक्यावर टोपली घेतलेली बाई होती, दुसरीवर शिडाचं जहाज. घरातल्यांनी त्या नोटा उलटसुलट करून पाहिल्या आणि देवघरात ठेवल्या. त्यानंतर काही आलं नाही. पेढीला पत्र घातलं तर उत्तर आलं, की भाईदासनं आमचं दुकान सोडलं, पुढे कुठं गेला आम्हाला ठाऊक नाही. पुढच्या पत्रांना तेवढंही उत्तर आलं नाही. आई त्याच उन्हाळ्यात गेली. मग घरात उरले तिघं. हिलाल, त्याची बायको जमनाबाई आणि भाभी, म्हणजे अनुसया.

भाभीनं आकांत केला नाही. सासू गेल्यावर काही दिवसांनी तिनं दिराला ओट्यावर बसवलं.

“हिलालभाऊ, मले एकच गोट पाहिजे,” ती म्हणाली. “तो शे का नही, तेवढं इचारी लया. जित्ता व्हई तं वाट देखसू. दुसरी करी व्हई तं तेबी सांगा, मी रडाव नही. मरी गया व्हई तं तसं सांगा. पन काहीतरी सांगा.”

“इचारसू ना भाभी,” हिलाल म्हणाला. त्या वेळी तो चोवीस-पंचवीसचा होता, अंगात रग होती, आणि विचारणं म्हणजे काय अवघड, असं त्याला वाटलं.

अवघड होतं ते माणसांना थांबवणं. सुरतेकडचे व्यापारी पथारीवर येत, नाकाला रुमाल लावून ढिगात हात घालत, भाव ठरवत, चार शिंका देत आणि निघत. त्यातले बेटावर जाऊन आलेले फार थोडे. त्यांना गाठून हिलाल विचारायचा, शेठ, तिकडे भाईदास नावाचा कोणी खानदेशी माणूस? की समोरचा मागच्या पावली सरकलाच. हरवलेल्या माणसाची चौकशी करणारा कुणालाच नको असतो. उद्या हा पगार मागेल, परवा कोर्टात ओढेल, नाहीतर वाईट बातमी आपल्याच तोंडून ऐकून इथंच गळा काढेल. नको ती ब्याद. ‘मालूम नहीं’ म्हणायचं आणि टांग्यात बसायचं. पहिला हंगाम असाच गेला. घरी गेलं की भाभी चुलीपुढून मान न वळवता विचारी, “इचारं का?” आणि तो म्हणे, “इचारं. त्याले ठाऊक नही.”

मग एक दिवस ओळख पटवायला म्हणून त्यानं देवघरातली जहाजाची नोट खिशात घालून नेली. दुपारी एक व्यापारी आला, बोलता बोलता नोट बाहेर आली, आणि हिलालनं काही विचारायच्या आधीच तो माणूस तिथंच खाली बसला.

“अरे! ये तो हमारे उधर का है. तुम नोट जमा करते हो क्या?”

आता इथं माणसानं खरं सांगावं की नाही? हिलालनं सांगितलं, हो. जमा करतो.

झालं. तो माणूस खुलला. स्वतःच्या पाकिटातून त्यानं टोपलीवाल्या बाईची एक चुरगळलेली नोट काढून दिली, चहा मागवला, त्या बेटावरचा जळता डोंगर, तिथली वादळं, तिथं आपल्या माणसांनी थाटलेली दुकानं, सगळं सांगत बसला. शेवटी कपबशी खाली ठेवताना हिलालनं हळूच विचारलं आणि त्यानं न बिचकता, नीट आठवून पाहून उत्तर दिलं. उत्तर ‘नाही’च होतं. पण ते माणसासारखं दिलेलं होतं.

हिलालला युक्ती सापडली. रडणारा भाऊ कुणाला नको, छंदिष्ट मात्र सगळ्यांना हवा. त्या दिवसापासून तो नोटवाला झाला. आधी नोट, मग चहा, आणि प्रश्न अगदी शेवटी, समोरचा सैल झाल्यावर. या क्रमात त्यानं कधी बदल केला नाही. गळाला गांडूळ लावल्याशिवाय मासा येत नाही, हे तापीकाठच्या माणसाला कुणी शिकवायचं?

पण गांडुळाचीच गोडी लागायला लागली, ती कधी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सुरुवातीला नोटा बिस्किटांच्या डब्यात कशाही पडलेल्या असत. मग त्यानं जुन्या पंचांगाच्या पानांत त्या एकेक करून ठेवल्या. कसर लागू नये म्हणून मधे कडुनिंबाचा पाला, आणि पाल्यावर भरवसा नाही म्हणून दोन सुक्या मिरच्या. डबा उघडला की घर शिंकायचं. जमनाबाई म्हणायची, “लोकेस्न्या सवती पावडर लाईसन येतीस, मन्ही सवत मिरची लाईसन उनी.” हिलाल हसायचा. हसण्याचे प्रसंग त्याला थोडेच येत, त्यातला हा एक.

रात्री जेवणं झाल्यावर तो कंदील ओढून बसे. कुठल्या नोटेवर कुणाची सही, कुठलीचा कागद पातळ, कुठली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आणि कुठली नंतरची, हे त्याला हळूहळू उमगू लागलं. अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते, आणि चित्रं तर कुणालाही येतात. दिवसभराचा शीण त्या घटकेला उतरे. इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला आलेली ही एकच घटका अशी होती, की जिच्यात त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि कुणाला काही उत्तर द्यायचं नव्हतं.

एकदा धनत्रयोदशीला तो उशिरा घरी आला. जमनाबाईनं धने-गुळाची वाटी मांडली होती, दागिना म्हणून एकुलती एक नथ ठेवली होती, आणि लक्ष्मी म्हणून डब्यातल्या सगळ्या नोटा ओळीनं मांडून प्रत्येकीवर हळदकुंकवाचं ओलं बोट टेकवलं होतं. शिडाच्या जहाजावर कुंकू. टोपलीवाल्या बाईच्या कपाळावर तर नेमकं. जमनाबाईला वाटलं होतं, नवरा खूश होईल.

हिलाल असा ओरडला, की शेजारची माणसं दारात आली. पथारीवर जन्मात न चढलेला आवाज त्यानं घरात लावला. “अक्कल शे का? वाटोयं करं नोटास्नं! आते या काय कामन्या?”

“लक्ष्मी शे ना ती,” जमनाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. “पूजा नही करानी का?”

तेव्हा भाभी मधे पडली. ती सहसा बोलत नसे. “हिलालभाऊ, या नोटा तुम्ही कसासाठे लयतस?”

“म्हंजे?”

“लोके बसाले पाहिजेत, बोलाले पाहिजेत, म्हनीसन लयतस ना? तुमना दादासाठे? मंग कुकू लागनं तं काय बिघडनं? कुकू लागेल नोटबी दखाडता येस.”

हिलाल बाहेर ओट्यावर जाऊन बसला. राग कुंकवाचा नव्हताच. भाभीनं बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं होतं, त्याचा होता. बऱ्याच वेळानं तो आत आला, नोटा पुसायला लागला, आणि पुसल्यावर डाग आणखी पसरले.

म्हसावदहून तिचा भाऊ रेवजी अधूनमधून येई. भला माणूस, पण घाई फार. ओट्यावर पागोटं काढून ठेवायचा आणि सुरू व्हायचा. बहिणीचं वय जातंय. पंचांना समजावता येईल. नवरा नाही असं कळलं तर दुसरं घर करून देऊ, आहे असं कळलं तर निदान त्याला बोलवायला माणूस धाडू. पण काहीतरी कळायला हवं. नुसत्या नाहीपणावर पंच काय ठरवणार?

“हिलालभाऊ इचारी ऱ्हायना,” भाभी दर वेळी म्हणे. “कयी जाई. मंग देखू.”

ती असं म्हणाली की हिलालच्या मानेवर मणाचं ओझं चढे. एका बाईचं उरलेलं सगळं आयुष्य आपल्या एका प्रश्नाला टांगलेलं आहे, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण रोज कळत राहिलेल्या गोष्टीचीही माणसाला सवय होते. सायकलची चेन कुरकुरते तशी ती कुरकुरत राहते, आणि आपण सायकल चालवत राहतो.

वर्षं गेली. आण्यांचे नवे पैसे झाले, मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला, रतिलालशेठ सूज येऊन अंथरुणाला खिळले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसू लागला. मिरची मात्र तीच, शिंका त्याच. हिलालच्या डब्यात त्या बेटाच्या बहुतेक नोटा जमल्या होत्या. राहिली होती एक. बेटाच्या जुन्या बँकेची, लढाईच्या आधीची, पंचवीसची नोट. पंचवीसची! आपल्याकडे पाचाची असते, दहाची असते, शंभराची असते असं ऐकून माहीत. पंचवीसची नोट काढणारं सरकार कसलं असेल, या विचारानं त्याला झोप लागेना. दोन हंगाम तो जो भेटेल त्याला पंचवीसचं विचारत होता. भाईदासचंही विचारत होता. पण आताशा पंचवीसचं विचारताना त्याचा आवाज बदले आणि भाईदासचं विचारताना बदलत नसे. एकानं तर भाईदासचं उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर हिलालनं कपबशा उचललेल्या होत्या.

चौसष्टच्या माघात मुसाभाई नावाचा एक गृहस्थ आला. व्यापारी नव्हता. बेटावरच्या कुठल्याशा दुकानात वीस वर्षं तराजू धरलेला साधा नोकर. रजेवर रांदेरला आला होता आणि मालकानं परतताना मिरचीचा नमुना आण म्हणून त्याला इकडे पिटाळलं होतं. दोन दिवसांनी मुंबईहून त्याची बोट होती. नमुन्याची थैली बांधून हिलाल त्याला पोचवायला स्टेशनावर गेला. गाडीला अवकाश होता. दोघं फलाटावरच्या लिंबाच्या पारावर टेकले. मुसाभाई साठीला आलेला, बोलायला अधीर, आणि त्याचं बोलणं ऐकून घेणारं कुणी त्याला बऱ्याच दिवसांत भेटलेलं नसावं.

“सुना है तुम हमारे उधर के नोट रखते हो,” तो म्हणाला आणि त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून मेणकापडाची घडी काढली. घडीत पंचवीसची नोट होती.

हिलालनं ती हातात घेतली. नोट त्याच्या तळहाताहून मोठी, कडा मऊ पडलेल्या, पण मधे एकही डाग नाही. त्यानं ती सूर्यासमोर धरली. कागदाच्या पोटात एक फिकट चेहरा वर आला. असा चेहरा त्यानं दुसऱ्या कुठल्याच नोटेत पाहिला नव्हता. तो त्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. गेल्या पंधरा वर्षांत आपल्याला इतकं बरं वाटलं नव्हतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

“हमारी बाजू की दुकान में,” मुसाभाई शेजारून सांगत होता, “तुम्हारे ही मुलुक का एक आदमी था. मिर्ची का बडा जानकार. हाथ में लेके बोल देता था...”

“जरा थांबा, शेठ,” हिलाल म्हणाला. “ये सही किसकी है? आणि ही खालची? दो दो सही कशाला?”

मुसाभाईनं चष्मा लावला. सहीचं त्याला काही सांगता येईना, पण माणूस भला, प्रयत्न करत राहिला. मग नोटेच्या पाठीचा विषय निघाला. मग ही छापली कुठं, याचा. मुसाभाईनं मधेच एकदा पुन्हा काहीतरी सुरू केलं, तेव्हा हिलाल नोट उलटी करून कोपऱ्यातला आकडा बघत होता. तो ‘हं, हं’ म्हणाला. घंटा झाली. गाडी आली. हिलालनं थैली डब्यात चढवली, मुसाभाईनं नोट परत घ्यायला नकार दिला, मेरे बाद किसके काम की, म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. गाडी सुरतेकडे गेली.

त्या संध्याकाळी हिलालनं सायकल हाणली नाही, ती आपोआप चालली. घरात शिरताच त्यानं नोट काढून भाभीपुढे धरली.

“भाभी, हाई देखा! पंचवीसनी शे!”

भाभी भाकरी थापत होती. तिनं नोटेकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. तिनं रोजच्यासारखंच विचारलं, “इचारं का?”

हिलालनं तोंड उघडलं. ‘इचारं, त्याले ठाऊक नही,’ हे शब्द इतक्या वर्षांत जिभेवर इतके बसले होते, की ते आपणहून निघायला हवे होते. निघाले नाहीत. आणि त्याच वेळी पारावरचं ते बोलणं, नुसतं कानावरून गेलेलं, आता त्याला ऐकू आलं. तुमच्याच मुलखाचा एक माणूस. मिरचीचा मोठा जाणकार. हातात घेऊन सांगायचा.

तो चुलीशेजारी खाली बसला. खोटं बोलायलाही अंगात थोडं त्राण लागतं, तेवढंही त्याच्यात उरलं नव्हतं.

“नही इचारं, भाभी,” तो म्हणाला. “तो सोताच सांगी ऱ्हायंता. दादानंच सांगी ऱ्हायंता. मी आयकंच नही.”

“मंग पुढे काय बोलना तो?”

“नोट देखी ऱ्हायंतू.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. जमनाबाईनं पुढे होऊन ती उलटली. भाभीनं पीठ लागलेले हात परातीवर झाडले. तिचा आवाज चढला नाही, तेच फार वाईट होतं.

“ज्यास्ले काही ठाऊक नव्हतं त्या समदास्ले तुम्ही इचारं. ज्याले ठाऊक व्हतं त्याले तुम्ही सही इचारी.” मग ती म्हणाली, “नवरानी वाट देखानं मन्हं कवयच सरनं, हिलालभाऊ. मी तुमनी सायकलनी वाट देखी ऱ्हायंतू. रोज वाटे, आज सांगतीन. मन्हा जलम तुमना भरोसावर टाकी दिधा मी. वाईट करं तुम्ही. लई वाईट करं.”

हिलाल रडला. तिशी ओलांडलेला, मुकादम म्हणवणारा माणूस चुलीपाशी लहान पोरासारखा रडला, आणि त्याच्याकडे दोघींपैकी कुणी पाहिलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं तो सुरतेला गेला. होडीनं तापी ओलांडून रांदेरला पोचला, विचारत विचारत मुसाभाईचं घर काढलं. मुसाभाईची मुलगी दाराआडूनच म्हणाली, अब्बा काल रात्रीच मुंबईला गेले. मुंबईला जायला हिलालजवळ भाडं नव्हतं, आणि असतं तरी बोट त्याच्यासाठी थांबणार नव्हती. त्यानं तिथल्याच एका मास्तराकडून पत्र लिहवून घेतलं, मुलीनं सांगितलेला बेटावरचा पत्ता घातला, टाकलं. परतीच्या गाडीत तो उभ्यानंच आला. जागा होती, पण बसावंसं वाटलं नाही.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी रांदेरकडच्या एकाकडून कळलं, की मुसाभाई तिकडेच तापानं गेला. हे ऐकून हिलालला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आता त्या पारावरच्या बोलण्याची पुढची ओळ जगात कुणालाच ठाऊक नव्हती.

रेवजी एकदा येऊन गेला. बहिणीला न्यायलाच आला होता. जुजबी कपडे बांधून घे म्हणाला. भाभी म्हणाली, “आते कोठे जाऊ? उशीर हुई गया. तठे जाईसन दुसरास्नी चूल फुकानी, त्यापेक्षा आठली बरी.” रेवजीनं पागोटं डोक्यावर ठेवलं, हिलालकडे रागानं पाहिलं आणि गेला. हिलालला वाटत होतं, त्यानं दोन शब्द तरी बोलावेत. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यानंतरच्या हंगामापासून हिलाल खिशात नोट ठेवीनासा झाला. कुणी व्यापारी आला, की मिरचीच्या ढिगाशीच त्याला गाठायचा आणि आधी, सगळ्याच्या आधी विचारायचा, शेठ, त्या बेटावर भाईदास नावाचा खानदेशी माणूस? मिरचीचा जाणकार? व्यापारी रुमालाआडून बघत, मागच्या पावली सरकत आणि टांग्याकडे वळत. बाजाराला नोटवाला आवडायचा. हा नवा हिलाल कुणालाच आवडेना. शेठच्या मुलानं तर एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की गिऱ्हाइकांना असं सतावू नको, माल उठत नाही. हिलालनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

मग एका दुपारी एक जण खरोखर थांबला. त्यानं हातातली मिरची परत ढिगात टाकली, डोळे मिटून आठवलं, बेटावरची आपल्या माणसांची चार-पाच दुकानं नावानिशी मोजली आणि शेवटी म्हणाला, नाही भाई, असा कोणी ऐकला नाही. अल्ला तुम्हाला भेटवो. हिलालनं त्याचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत नोटेशिवाय, चहाशिवाय मिळालेलं हे पहिलं उत्तर होतं.

घरी आला तेव्हा दिवे लागले होते. भाभी चुलीपुढे बसली होती. हिलाल सायकल भिंतीला लावून दारात उभा राहिला. उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं, अगदी खरं, एकही शब्द न गाळता. ती मान वळवणार नाही हे त्याला माहीत होतं, ती कधीच वळवत नसे. तो नुसता तिच्या ‘इचारं का?’ची वाट पाहत राहिला. तव्यावर एक भाकरी झाली, दुसरी पडली.

“भाभी,” शेवटी तोच म्हणाला, “आज मी इचारं.”

भाभीनं भाकरी उलटली.

“हात धुई ल्या,” ती म्हणाली. “जेवाले वाढस.”